चुलीखालचा दगड

जमीन मोजायचं ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्र मिलिमीटरपर्यंत अंतर देतं, पण कुठून मोजायचं ते सांगत नाही. ते जुन्या खुणांवरून ठरवावं लागतं. पनवेल तालुक्यातल्या त्या गावात खुणाच उरल्या नव्हत्या. बांध भरावाखाली गेलेले, विहिरीवर स्लॅब. दोन भावांच्या वाटपाची मोजणी होती आणि गावठाणाची हद्द नकाशावर थेट त्यांच्या स्वयंपाकघरातून जात होती. जुन्या मोजणीचं टिपण शंकू साखळीतलं: साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16, एकेक भाग म्हणजे आणा. एक आणा चुकला की दोन फूट गेले, म्हणजे अख्खी मोरी हद्दीबाहेर. तीनदा जुळवलं, बसेना.

तेव्हा त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "हद्दीचा दगड चुलीखाली हाय. सासऱ्यांनी दाखवलेला."

मागच्या भिंतीलगत, जुन्या चुलीच्या जागेवरची फरशी उचलली. हातभर खाली घडीव दगड निघाला, माथ्यावर फुली. नकाशाच्या रेषेच्या चार फूट पलीकडे. स्वयंपाकघर पूर्ण गावठाणात!

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद आणि अभियंते शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकात मुंबईची वाढ खाडीपलीकडे, आजच्या नवी मुंबईत, वळवायची कल्पना मांडली, ती मला आजही पटते. सरकारी कचेऱ्या आधी इकडे आणायच्या, माणसं मागून येतील. त्यासाठी 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं. बेलापूरला कोकण भवन आलं, पण मंत्रालय होतं तिथेच राहिलं. शेतकऱ्यांची गावठाणाबाहेरची जमीन मात्र गेली. 1984च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. त्यातूनही सोयीसुविधांचे पावणेचार कापतात, हातात पावणेनऊ. या घराला चार फूट म्हणजे काय, ते मला तिथे उभं राहून कळत होतं.

आणि तिथेच मी चुकलो. फरशी उचलण्याआधी पंच बोलवायला हवे होते. दगड दिसला त्या आनंदात मी आधी मोजलं, फोटो काढले, पंचनामा दुसऱ्या दिवशी केला. ज्या कार्यालयात अहवाल दिला तिथल्या साहेबांनी नेमकं तेच धरलं: दगड आदल्या रात्री पुरला नाही कशावरून? जागेवर येऊन बघा म्हटलं, तर नकाशात नाही ते बघायचं कशाला, म्हणाले. खुर्चीतून न उठता हद्द ठरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

फाइल पुन्हा दिली आहे. आठ महिने झाले. आजींनी खड्डा बुजवू दिलेला नाही, वर फळी टाकून ठेवली आहे. साहेब आले तर दिसायला हवा, म्हणतात.