डीजे, रानतुळस आणि भोक पडलेलं पान

नंदी हिल्सचा सूर्योदय पाहिला, पण पुढच्या माणसाच्या मोबाइलच्या पडद्यावर. भोगनंदीश्वराचं देऊळ छान, लेपाक्षी त्याहून छान. दोन दिवस संपले. लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

मुक्काम चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या एका फार्मस्टेवर होता. जाहिरातीत 'निरव शांतता' होती, माणशी साडेतीन हजारांत. संध्याकाळी सात वाजता हिरवळीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे सुरू झाला. हेच ऐकायचं होतं तर गणपतीत आमच्या पुण्यातल्या पेठेत फुकट मिळतं की! मॅनेजर हात जोडून म्हणाला, "मॅडम, दहाला बंद." मी चिडून खोलीत बसले.

बंगळुरूचा भाचा मात्र उठला. "मावशी, चल, खरा स्पीकर दाखवतो."

कुंपणामागून माळावर गेलो. कमरेएवढी रानतुळस माजलेली. नावाची तुळस, मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे तण म्हणून पसरलेली. हात लागला की वास बोटांना चिकटतो. डीजे मागे पडला तसे रातकिडे ऐकू यायला लागले. आवाज डावीकडून येतोय म्हणावं तर वळल्यावर उजवीकडून. वीस मिनिटं अशी झाडाझडती घेतल्यावर एक सापडला. फिकट हिरवा, बोटाच्या पेराएवढा, पंख उभे करून पानाच्या कडेवर. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज!

"हा साधा गातोय," भाचा म्हणाला. "यातले काही पानाच्या मधोमध भोक कुरतडतात आणि त्यात बसून गातात."

कशाला? तर रातकिडा गातो ते पंखावर पंख घासून. पंख हलला की पुढच्या बाजूला हवा दाबली जाते, त्याच वेळी मागच्या बाजूला विरळ होते. पंख चिमुकला, त्यामुळे दोन्हीकडच्या लहरी त्याला वळसा घालून भेटतात आणि एकमेकींना मारतात. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर जसा फुसका वाटतो, तसंच. पान मध्ये आलं की वळसा घालायची वाट बंद. म्हणजे डीजेवाल्याच्या लाकडी खोक्याचं काम इथे पान करतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी याच्या जवळच्या जातीत हे 1975 सालीच नोंदवलं होतं. आपल्याकडच्या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटानं काम केलं. नताशा म्हात्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की किडा मोठं पान निवडतो आणि भोक आपल्या पंखांच्या मापाचंच पाडतो. (म्हात्रे आडनाव ऐकून मी उगाचच ताठ झाले.) 2020 मध्ये ऋत्विक देब वगैरेंनी पुढचा प्रश्न सोडवला: हा उपद्व्याप करतं कोण? तर जास्त करून लहानखुरे, आवाज क्षीण असलेले नर. धिप्पाडांना गरज नाही. पानात बसला की छोटासुद्धा मोठ्यांइतक्याच माद्या बोलावू शकतो.

"म्हणजे फसवणूकच की रे," मी म्हटलं.

"मावशी, तू फोटोला फिल्टर लावतेस ना?"

पोरगं आगाऊ आहे.

आता मला तो भोकातला पाहायचाच होता. बहुतेक नर हे करतच नाहीत, त्यामुळे सापडणं कठीण, असं तो सांगत होता, पण ऐकतंय कोण! तासभर वाकून पानं उलथली. कंबर धरली, ओढणीला कुसळं, डास तर विचारू नका. शेवटी एक पान मिळालं. रुंद, मधोमध लांबट भोक. रिकामं. किडा असलाच, तर माझ्या टॉर्चनं पळाला असणार. भाचा तीनदा म्हणाला होता, "मावशी, टॉर्च खाली."

परतलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. डीजे चालूच. मी सरळ भिंतीएवढ्या खोक्यांमागे जाऊन वाकून पाहिलं, तसा डीजेवाला पोरगा घाबरला आणि आवाज कमी केला. तक्रार करायला आले असं वाटलं असावं.

पान वहीत घालून पुण्याला आणलं. यांना दाखवलं. चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "अळीनं खाल्लंय."

असेल.