तुम्ही विचारलंत म्हणून: कड्यावर चढायला जाताना कुत्र्याला सोबत न्यावं का?

‘आम्ही रविवारी क्लायंबिंगला जातो, घरच्या कुत्र्याला सोबत नेलं तर चालेल का?’ पुण्या-मुंबईकडची मंडळी हल्ली हे वरचेवर विचारतात. चालेल, पण ते कुत्र्याच्या गुणांपेक्षा सोबत किती माणसं आहेत यावर जास्त ठरतं. दोघंच जाणार असाल तर कुत्रा घरी राहू द्या. एक जण दोरावर असतो आणि दुसरा बिले देत असतो, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळतो आणि तो पडला तर अडवतो. बिले देणाऱ्याचे दोन्ही हात दोरावर आणि डोळे वर असतात, त्यामुळे खाली कुत्र्याकडे बघायला कुणीच उरत नाही. त्याच्या पायात काटा गेला, पट्टा झुडपात अडकला किंवा शेळ्यांचा कळप आला, तरी बिले देणाऱ्याने जागा सोडायची नसते. तो सोडणार नाही हे बुद्धीला पटतं, पण कुत्रा किंचाळला की मान वळतेच, आणि वरचा माणूस नेमका त्याच क्षणी बोल्टच्या (दोर अडकवायला कातळात पक्क्या बसवलेल्या खिळ्याच्या) वर असू शकतो. म्हणून तिसरा माणूस हवा आणि त्याचं त्या वेळचं काम फक्त कुत्रा हेच असावं. पाळी बदलली की कामही बदलायचं.

आता जागा. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायचा नाही. म्हणजे बोरिवलीच्या उद्यानातले कातळ, कर्नाळ्याचा सुळका, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातले कडे हे सगळे आधीच बाद. सुळक्यांच्या मोहिमाही बाद. दोन-तीन टप्प्यांची चढाई असेल तर माणसं तासन्‌तास वर अडकतात आणि कुत्रा खाली. पायथ्याला पोचायलाच रॉक पॅच (हातापायांनी चढावा लागणारा कातळाचा टप्पा) किंवा शिडी लागत असेल, तर तिथेही नको. कुत्रा चढताना ओढून-ढकलून वर जातो, पण उतरताना त्याचं सगळं वजन पुढच्या पायांवर येतं आणि तो जागीच थिजतो. मग पंचवीस किलोचं घाबरलेलं जनावर हातात घेऊन उतरायचं म्हणजे माणसाचा जीव धोक्यात. उरतात त्या एका टप्प्याच्या, टॉप रोपच्या (दोर आधीच वरून सोडलेल्या) किंवा बोल्ट मारलेल्या बुटक्या भिंती, ज्यांच्या पायथ्याशी पायवाट जाते आणि सपाट जागा आहे. बोल्डरिंगच्या (दोराशिवाय बुटक्या खडकांवर चढायच्या) जागा त्याहून सोप्या, मात्र तिथे मॅटवर उडी पडते तेव्हा कुत्रा मॅटवर नसेल याची खबरदारी हवी.

बांधायची जागा निवडणं हे या सगळ्यातलं खरं कौशल्य. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. थरांच्या मधल्या मऊ पट्ट्यांतून सुटे दगड निघतात आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तर जास्तच. वर माणूस नसतानाही वानरं कड्यावरून पळताना दगड ढकलतात. माणसाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, कुत्र्याच्या नसतं. भिंतीपासून सरळ मागे, उताराखाली बांधलेला कुत्रा सुरक्षित वाटतो, पण पडलेला दगड पायथ्याला आपटून नेमका उतारावरूनच उड्या मारत जातो. म्हणून मागे नाही, आडवं सरकायचं: चढाईची रेषा सोडून बाजूला, शक्यतो भिंत पुढे झुकलेली असेल तिच्या आडोशाला किंवा मोठ्या, पक्क्या खडकाच्या मागे. जमिनीवर ताजे, फिक्या रंगाचे तुकडे विखुरलेले दिसले तर ती जागा दगड पडण्याचीच आहे.

बांधायला दंडाएवढं जाड, जिवंत झाड हवं. कारवीचं झुडूप नको, सुटा धोंडा नको. भिंतीवरचे बोल्ट तर नकोच, ते चढणाऱ्यांचे. झाडाच्या बुंध्याला स्लिंग (मजबूत पट्टीचं कडं) गुंडाळा, त्यात लॉक होणारा कॅरॅबिनर (झडपेची धातूची कडी) आणि त्याला दीड ते दोन मीटरचा पट्टा.  गळपट्ट्याला अडकवू नका, छातीच्या हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला अडकवा. कारण साधं आहे: कुत्रा कडेवरून घसरला तर गळपट्ट्यावर लटकून गळफास बसतो. त्यातही कडेपाशी बांधायचंच नाही. पट्टा ताणून, त्यात कुत्र्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी धरून, तरी कडेपर्यंत दोन मीटर उरले पाहिजेत. हे डोळ्यांनी न ठरवता स्वतः पट्टा धरून फिरून बघा. पट्टा चावणारा कुत्रा असेल तर पहिला मीटरभर प्लॅस्टिक चढवलेली तारेची दोरी लावा. नायलॉनची पट्टी काही मिनिटांत तुटते.

आणि बिले देणाऱ्याच्या हार्नेसला कुत्रा कधीही नाही. त्याच्या कमरेला, त्याच्या पिशवीला, त्याला जमिनीशी बांधून ठेवणाऱ्या अँकरला, कशालाच नाही. लीड चढणाऱ्याला, म्हणजे दोर सोबत घेऊन बोल्टमागून बोल्ट वर जाणाऱ्याला, दोर सोडताना वीस किलोचा हिसका बसला तर बिले देणारा एक पाऊल ओढला जातो, दोरात नको तितकी ढील पडते आणि पडणारा माणूस तेवढा जास्त खाली येतो. पहिल्या एक-दोन बोल्टपाशीच असं झालं तर तो थेट जमिनीवर येऊ शकतो.

दोराचंही बघा. कुत्रा दोरावरून चालला की नखांनी माती आणि बारीक खडे आवरणात दाबले जातात आणि आतून दोर झिजतो. दोर ताडपत्रीवर किंवा दोराच्या पिशवीतच ठेवा आणि ती पट्ट्याच्या टप्प्याबाहेर. नर कुत्रा उभ्या पिशवीवर पाय वर करणारच, म्हणून सामान झाडाला टांगा. चढाई संपवून दोर खाली ओढताना त्याचं टोक शेवटी वेगाने फटका मारत येतं. त्याआधी कुत्रा बाजूला घ्या.

कुत्र्याची तयारी डोंगरात करायची नसते. मालक भिंतीवर चढला की पुष्कळ कुत्री रडतात, हुंदडतात, सतत भुंकतात. ‘टेक’ (दोर ताण), ‘लोअर’ (खाली सोड) या हाका त्या भुंकण्यात हरवतात आणि ऐकण्यातली चूक इथे महागात पडते. म्हणून आधी घरी एक जुनी सतरंजी ठरवा, ‘जागा’ म्हटलं की तिच्यावर बसायचं. पहिल्यांदा दोन मिनिटं, मग दहा, मग तुम्ही नजरेआड असताना. ते जमलं की टेकडीवर, अनोळखी माणसांत. अर्धा तास शांत बसत असेल तर त्याला कड्यापाशी न्यायला हरकत नाही. नसेल तर नेऊ नका, त्याचे हाल होतात आणि बाकीच्यांचेही. वर्षाच्या आतलं पिल्लू नको, आणि पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री तर अजिबात नकोत. त्यांना धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही.

उन्हाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. काळा कातळ तापतो आणि तो ताप साठवतो. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे तळवे भाजणार. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उजाडताना पायथ्याला पोचा आणि ऊन चढायच्या आत कुत्र्याला घेऊन निघा. सावली सरकते हे चढाईच्या नादात विसरायला होतं. आठला ज्या झाडाखाली गार होतं तिथे अकराला रखरखीत ऊन असतं आणि बांधलेल्या कुत्र्याला हलता येत नाही. दर अर्ध्या तासाने जागा बघायची, हे तिसऱ्या माणसाचं काम.

विश्रांतीच्या दिवशी कुत्र्याला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं. डोंगरात दुप्पट धरा, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्यासाठी दोन ते अडीच लिटर, तेही तुमच्या पाण्याव्यतिरिक्त. एकदम भांडंभर न पाजता थोडं थोडं. टाक्यातलं पाणी गावकरी आणि ट्रेकर पितात, तिथे कुत्र्याला उतरवू नका. साचलेलं डबकंही नको, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ते ४१ च्या पुढे गेलं तर उष्माघात. जीभ लांब आणि रुंद बाहेर, हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी, अशी लक्षणं दिसली की थर्मामीटर शोधत बसू नका. सावलीत आडवं करा, पोट, जांघा, पंजे आणि सबंध अंग पाण्याने भिजवा आणि टोपीने, नकाशाने, मिळेल त्याने वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. तापमान मोजता आलं तर ३९.५ च्या आसपास थांबा, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं. कुत्रा उठून बसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूत्रपिंड आणि आतड्यांना झालेली इजा नंतर कळते.

आग्या मोहोळाचं भय माणसांना माहीत असतं, पण बांधलेल्या कुत्र्याचा विचार होत नाही. माश्या काळ्या, केसाळ आणि हलत्या गोष्टींवर आधी तुटून पडतात. पोचल्यावर दुर्बिणीने सबंध कडा पाहा. पोळी दिसली, मग ती बाजूच्या भिंतीवर असोत, तरी कुत्र्याला घेऊन परत फिरा. माश्या उठल्याच तर तिसऱ्या माणसाने पट्टा झाडापासून सोडवून कुत्र्यासकट पायवाटेने लांब पळायचं आणि गाडीत किंवा घरात शिरायचं. हात झटकू नयेत, चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या येतात. नंतर नांग्या नखाने खरवडून काढा, ओठ आणि जिभेखालीही बघा, आणि थेट दवाखाना.

दगडाखाली फुरसं, गवतात घोणस. कुत्रं नाक खुपसतं म्हणून चावा बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. चावल्यावर गळपट्टा आणि हार्नेस लगेच काढा, कारण सूज भराभर चढते. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका, उचलून न्या. सापाच्या विषावर माणसांना देतात तीच बहुविषरोधक लस कुत्र्यालाही चालते, पण ती प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात नसते. म्हणून घर सोडायच्या आदल्या दिवशी त्या तालुक्यातल्या दवाखान्याला फोन करून लस आहे का आणि रविवारी कोण असतं, हे विचारून ठेवा.

जखमी कुत्रा मालकालाही चावतो. त्याचं तोंड बांधायला मीटरभर पट्टीचं बँडेज घ्या, मोकळी गाठ मारून फास नाकाच्या मध्यावर चढवा आणि ओढा, टोकं हनुवटीखाली फुली करून कानांमागे नेऊन सुटेल अशी गाठ मारा. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर तोंड बांधायचं नाही. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या माणसांच्या गोळ्या देऊ नका, कुत्र्यांना त्या विषासारख्या. सुक्या मेव्यातले मनुके आणि चॉकलेटही तसंच. बोटांना लावायच्या टेपचा बोळा गिळला तर आतडं अडतं, तेव्हा वापरलेली टेप खिशात टाका.

रात्री मुक्काम असेल तर कुत्रा तंबूच्या आत. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात त्याच्या खाद्यात वजनाने सर्वात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला होता, सुमारे ३९ टक्के. तंबूबाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे आमिषच. गावातून जाताना पट्टा आखूड धरा. धनगरांची कुत्री आपला कळप राखतात, आणि आपल्या कुत्र्याने शेळी पळवली तर ती कडेवरून जाऊ शकते. अशा नुकसानीमुळे गावकऱ्यांनी वाट बंद केली तर ती सगळ्यांनाच बंद होते. म्हणून पायथ्याच्या घरात आधी विचारा, विष्ठा पिशवीत भरून परत आणा आणि कड्याखाली देवाचं ठाणं असेल तर कुत्र्याला तिथून लांब ठेवा. बदामीसारख्या ठिकाणी माकडांच्या टोळ्या असतात. तिथे कुत्रा न नेलेला बरा.

परतल्यावर गाडीत बसवण्याआधी कुसळं काढायची. ऑक्टोबर ते डिसेंबर डोंगर कुसळी गवताने भरलेला असतो. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे ते पुढेच जातं, मागे येत नाही. त्याची शेपूट ओली झाली की पीळ सुटतो आणि दाणा कातडीत आणखी रुततो. म्हणून पाण्याने धुवायच्या आधी, कोरडं असताना, बोटांच्या बेचक्या एकेक फाकवून पाहा, मग काखा, जांघा, पापण्या आणि कानाची भोकं. चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढा, पिळू नका. मान एका बाजूला झुकवून कुत्रा कान झटकत असेल तर कुसळ आत गेलंय, आत काही घालू नका, डॉक्टर काढतील. बेचक्यात ओला फोड आणि त्याला बारीक भोक दिसलं तर तेही कुसळच, आत सरकलेलं.

गोचीडही त्याच जागी सापडतात. कातडीला टेकवून धरून हळू, सरळ ओढायचं, रॉकेल किंवा जळती काडी लावायची नाही. पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला, जेवण टाकलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर गोचीडतापाची शंका घ्या आणि रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना ‘कुत्रा डोंगरात गेला होता’ हे आपणहून सांगा, नाहीतर ती तपासणी राहून जाते.