टाचेतला दोरा

शनिवार होता, म्हणजे जपमाळेत आनंदाची रहस्यं, मारिया आणि येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग. पुढच्या टेम्पोच्या कर्ण्यातून जपमाळ चालली होती आणि माझ्या डाव्या टाचेतला फोड प्रत्येक 'नमो मारिया'ला पेटत होता.

छत्रपती संभाजीनगरहून आम्ही गुरुवारी पहाटे निघालो. वाळूज, कायगावच्या पुलाखाली भरून वाहणारी गोदावरी, प्रवरासंगम, सगळं पावसात एकमेकांत मिसळून गेलंय. नेवाशाला रात्री पोचलो, उजाडायच्या आत निघालो. 1290 साली ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तो बघायचा राहूनच गेला.

हरेगावच्या मतमाउलीकडे, म्हणजे मारियामातेकडे, मी नवस घेऊन चालले नव्हते. दोन वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांची कूस बदलणं, पथ्यपाणी, माझी नोकरी, रात्री त्यांच्या उशाशी बसून जपमाळ. एकही दिवस खंड नाही, पण त्यातला आनंद कधी आटला ते कळलंच नाही. कन्फेशनला, पापांची कबुली देताना, तेच बोलले. फादर जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "यंदा मतमाउलीकडे चालत जा."

आणि चालताना काय, तर चिडचिड. शेजारची बाई आमचं अर्धं म्हणून व्हायच्या आत पुढचं सुरू करायची. कर्णा किरकिरत होता. टाकळीभान अजून किती लांब, कुणी धड सांगत नव्हतं. शेवटी मी मागे पडले आणि उसाच्या बांधावर बसून बूट काढला. ओला मोजा कातडीला चिकटला होता.

शेजारच्या सोयाबीनमधून एक म्हातारी खुरपं घेऊन आली. पाय बघितला आणि आधी रागावलीच. "वल्या मोज्यानं चालतंय का कुणी?" विहिरीजवळच्या हौदावर नेऊन तिनं माझे दोन्ही पाय गार पाण्यात धरले. चिखल अंगठ्याच्या बेचक्यातून बोटानं काढला. मला कसंतरीच झालं. माझ्या पायाला असा हात आई गेल्यानंतर कुणी लावला नव्हता. मग छपरातून गोधडी शिवायची सुई आणली, काडीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. पाणी थेंबथेंब दोऱ्यावरून उतरायला लागलं. वर हळद-तेल, जुन्या लुगड्याची पट्टी.

"दोरा उपसू नको. उपसला की भोक बुजतं, परत पाणी धरतं. राहू दे तसाच. अठरा वाऱ्या केल्यात मी पंढरीच्या."

पैसे पुढे केले तर खुरपं उचलून चालू लागली. "जा, तुझी माणसं लांब गेली."

त्यानंतरचा रस्ता मी एकटीच चालले. कर्णा ऐकू येत नव्हता, म्हणून जपमाळ पुन्हा पहिल्यापासून धरली. दुसऱ्या रहस्यावर थबकले. मारिया घाईघाईनं डोंगराळ भागात अलिशिबेकडे गेली आणि तिथे तीनेक महिने राहिली. शुभवर्तमानात लूक एवढंच लिहितो. तीन महिने तिनं काय केलं असेल? पाणी भरलं असेल, दळलं असेल, त्या म्हातारपणी गरोदर राहिलेल्या बाईचे सुजलेले पाय चेपले असतील. चौथ्या रहस्यात मंदिरात भेटलेला शिमोन तिच्या काळजात तलवार शिरेल म्हणतो. पाचव्यात मुलगा हरवतो, तीन दिवस सापडत नाही. तरी ही आनंदाचीच रहस्यं! लहानपणापासून म्हणतेय, पण हे मला त्या रस्त्यावर दिसलं. प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना आनंद करा म्हणून लिहिलं, तेही बेड्या पडल्या असताना. माझा हट्ट मात्र एवढाच, की सासूबाई बऱ्या झाल्या, रात्रीची झोप मिळाली की मग आनंद.

टाकळीभान कधी मागे पडलं कळलं नाही. मी मोठ्यानं गात होते.

हरेगावात मेणबत्त्या, गर्दी, मिस्सा. माउलीपुढे उभी राहिले तेव्हा मागायचं काही आठवेना.

सोमवारी रात्री घरी सासूबाईंच्या उशाशी बसले. सोमवार, म्हणजे पुन्हा आनंदाची. दुसऱ्या रहस्याला माझा आवाज थांबला, तसे त्यांनी डोळे उघडले. मी तेलाची वाटी घेतली आणि त्यांचे पाय मांडीवर ओढले. त्यांनी खाली पाहिलं.

"तुझ्या टाचेत दोरा कसला गं?"

"असू दे," म्हटलं, "काढायचा नाहीये." आणि पुढचा मणी धरला.