गाय उलटते जूनमधे, बिघडलेलं असतं एप्रिलमधे

आमच्या आटपाडी भागात दरवर्षी हेच ऐकू येतं. पाऊस झाला, हवा गार झाली, गाय माजावर आली, वेळेत भरवली (कृत्रिम रेतन केलं) पण, आणि 21 दिवसांनी परत उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. मग सगळा दोष कांडीवर (वळूचं गोठवलेलं वीर्य असलेली नळी) नाहीतर डॉक्टरवर. मला हे फार खटकतं कारण कांडी उणे 196 अंशाच्या नायट्रोजनमधे असते, तिला कसला आलाय उन्हाळा. ऊन लागलेलं असतं ते गाईच्या बीजांडाला, आणि तेही भरवायच्या कितीतरी आधी.

बीजांड काही माजाच्या दिवशी तयार होत नाही. ते ज्या फोडात वाढतं तो अगदी बारीक असल्यापासून बीज सुटेपर्यंत दीड महिन्याच्या आसपास जातो, त्याच्याही आधीची वाढ धरली तर तीन-चार महिने. म्हणजे जूनमधे जे बीज सुटतं ते एप्रिल-मेच्या उन्हातच वाढलेलं असतं. इस्रायलमधल्या संशोधकांनी हे नीट दाखवलंय, तिकडे उन्हाळा संपून हवा गार झाली तरी गाईंची बीजं लगेच सुधरत नव्हती, दोन-तीन माज तसेच गेले. त्यांनी अंडाशयातले ते जुने फोड सुईने काढून टाकले तेव्हा चांगली बीजं लवकर यायला लागली. मला हे वाचून फार पटलं, कारण दिवाळीपर्यंत गाभण न राहणाऱ्या गाई आपण सगळ्यांनी बघितल्यात.

गाईचं अंग साधारण 101.5 फॅरनहाइट असतं. एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) ही संकरित-विदेशी गाय दूध जास्त देते, जास्त खाते, त्यामुळे तिच्या पोटातच उष्णता जास्त तयार होते, वरून पत्र्याचा गोठा, मग दुपारी अंग 103 च्या वर सहज जातं. बीज सुटायच्या आधीचा शेवटचा एक दिवस फार महत्त्वाचा असतो, त्या 24 तासात बीजांडाची शेवटची पक्वता होते, आतल्या गुणसूत्रांची वाटणी होते. प्रयोगशाळेत याच काळात बीजांड 41 अंश सेल्सिअसला ठेवलं तर वाटणी करणारे धागे विस्कटतात, पेशीला ताकद पुरवणारा भाग खराब होतो, आणि पुढे सातव्या दिवसापर्यंत टिकणारे भ्रूण कमी मिळतात. बरं बाहेरून बघितलं तर माज नेहमीसारखाच, सोट (माजातला चिकट स्राव) स्वच्छ. (उन्हाळ्यात माज मुका आणि थोडा वेळच राहतो ते वेगळंच, रात्री येऊन सकाळपर्यंत संपला तर कोण बघणार.)

आणि बीज फळलं तरी सुटका नाही. फ्लोरिडा विद्यापीठात 1993 मधे एक काम झालं, गाईंना भरवल्यानंतर वेगवेगळ्या दिवशी उष्णतेचा ताण दिला. पहिल्या दिवशी ताण बसला तर भ्रूणांचं नुकसान झालं, तिसऱ्या दिवसापासून पुढे मात्र ते बऱ्यापैकी टिकले. कारण भ्रूण 8 ते 16 पेशींचा होईपर्यंत त्याची स्वतःची जनुकं नीट चालू झालेली नसतात, आईच्या बीजातून आलेल्या शिदोरीवरच त्याचं भागतं. उन्हाशी लढायची ताकद त्याला नंतर येते. असा भ्रूण तिथेच थांबला तर गाय बरोबर 21 दिवसांनीच माजावर येते, म्हणून आपल्याला वाटतं ती फळलीच नव्हती. ती फळली असेल हो, पण भ्रूण जगला नाही.

म्हणून मी सांगते की निदान भरवलेल्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस गाईला जपा. भर दुपारी दवाखान्यात चालवत नेऊ नका, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची असते, ते सोयीचंच पडतं. नुसता फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) लावून आमच्याकडे जूनच्या दमट हवेत काही होत नाही, उलट उकाडा वाढतो. कातडी भिजेल असं पाणी मारायचं आणि लगेच फॅन, तरच अंग उतरतं. पत्र्यावर उसाचं पाचट टाकायचं, पाणी कायम समोर पाहिजे, वैरण पहाटे आणि रात्री जास्त द्यायची. रात्री पत्र्याखाली बांधूच नका, मुक्त संचार गोठा, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या फिरतात असा, असेल तर उत्तमच.

आबा म्हणजे माझे सासरे, त्यांचं म्हणणं खिल्लारला असलं काही होत नव्हतं. त्यात तथ्य आहे. आपल्या आंध्रच्या ओंगोल जातीपासून ब्राझीलमधे वाढवलेल्या नेलोर जातीचे भ्रूण 41 अंशाला होल्स्टीनपेक्षा जास्त टिकतात असं दिसलंय, वशिंडवाल्या गुरांच्या पेशीतच ती ताकद आहे. पण आमचं घर आता दुधावर चालतं आणि गोठ्यात एचएफच आहेत, त्यामुळे बीजाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागणार.

आता गोठ्यात थर्मामीटर ठेवलाय. फेब्रुवारी संपला की दुपारी तीनच्या सुमाराला प्रत्येक गाईचं तापमान बघून वहीत लिहायचं, आणि 102.5 च्या वर गेलेली गाय आधी पाण्याखाली, मग बाकीची कामं.