पाहिलं नाही, मग टक्के कुठून आणले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नाशिकमध्ये कुठेही विश्वावर बोलायला उभा राहिलो की हा प्रश्न येतोच. विश्वात साधं द्रव्य ५ टक्के, डार्क मॅटर (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) २७ आणि डार्क एनर्जी (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारं काहीतरी) ६८, असं तुम्ही सांगता. पण त्यातलं ९५ टक्के कुणी पाहिलेलंच नाही, मग आकडे कुठून आले?

ते एका फार जुन्या प्रकाशातून आले. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत प्रकाश अडकून पडला होता. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, अणू जमले आणि प्रकाश सुटला. आज तो सूक्ष्मलहरी होऊन सगळ्या दिशांनी येतो, तापमान अवघं २.७ केल्विन. पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना तो १९६४ साली ॲन्टेनातली खरखर म्हणून सापडला.

टक्के मात्र या तापमानात नाहीत. दिशा बदलली की त्यात लाखात एखाद्या भागाइतका फरक पडतो, ते त्या फरकांत आहेत. प्रकाश अडकलेला असताना गुरुत्वाकर्षण द्रव्याला आत ओढत होतं, प्रकाशाचा दाब बाहेर ढकलत होता. या ओढाताणीतून लाटा उठल्या, अगदी शब्दशः ध्वनिलाटा. प्रकाश सुटला त्या क्षणी त्यांचा ठसा उमटून राहिला. पथक गल्लीपलीकडे असलं तरी नाशिक ढोलाच्या आवाजावरून ढोल केवढा, पान किती ताणलंय याचा अंदाज जाणकार बांधतो. इथे काम तेच आहे.

आकाशात हे फरक थोड्या उष्ण, थोड्या थंड डागांसारखे पसरलेले आहेत. त्या डागांचा आकार आणि तीव्रता यांचा आलेख काढला की शिखरं दिसतात. पहिलं सुमारे एक अंशावर, म्हणजे शेजारीशेजारी दोन पूर्णचंद्र मावतील एवढ्या डागांचं. अवकाश वक्र असतं तर हे डाग लहान किंवा मोठे दिसले असते. तसे दिसत नाहीत, म्हणून अवकाश सपाट, आणि त्यावरून एकूण घनता ठरते. साधं द्रव्य लाटेला वजन देतं. दबणं वाढतं, पसरणं नाही. त्यामुळे पहिल्याच्या मानाने दुसरं शिखर बुटकं होतं. डार्क मॅटरला प्रकाशाचा दाब लागतच नाही, ते नुसतं ओढत राहतं. त्याचा हिशेब तिसऱ्या शिखराच्या उंचीत सापडतो.

माझा सर्वाधिक विश्वास साध्या द्रव्याच्या आकड्यावर. हा प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापातून तो सुमारे ४.९ टक्के येतो, आणि प्राचीन वायुमेघांतल्या ड्युटेरियमवरून (जड हायड्रोजनवरून) काढला तरी तिथेच पोचतो. ६८ ही मात्र वजाबाकीतली शिल्लक आहे. १९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांनी (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांनी) तिला वेगळा आधार दिला, पण ती शिल्लक नेमकी कशाची, हे आलेख सांगत नाही. व्याख्यानांत हा आकडा फारच सहज फेकला जातो, माझ्याकडूनसुद्धा.

मग कुणीतरी जयंत नारळीकरांचं नाव काढतं. २०२१ साली साहित्य संमेलन नाशिकला झालं तेव्हा अध्यक्ष तेच होते. त्यांना महास्फोट मान्य नव्हता, त्याचं काय? हॉईल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह त्यांनी मांडलं होतं की या सूक्ष्मलहरी म्हणजे मुळात ताऱ्यांचा प्रकाश आहे, अवकाशातल्या धातूच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला. तापमान त्यातून बसवता येतं. शिखरांचा हा क्रम मात्र सुयांतून आपसूक निघत नाही, तो जुळवावा लागतो. म्हणून नारळीकरांबद्दल कितीही आदर असला तरी या वादात मी दुसऱ्या बाजूला.