ऐरणीवरचं १ २ ८ म्हणजे १२८ किलो नव्हे: माझा अनुभव

सगळ्यात आधी हे सांगतो. जुनी इंग्लिश ऐरण ट्रान्सपोर्टने मागवणार असाल तर बुकिंगच्या जागीच काट्यावर चढवायला लावा आणि काट्यावर येईल तोच आकडा बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, लिहून घ्या. मी ते केलं नाही, नऊ दिवस गेले, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

माझे आजोबा लोहारकाम करायचे. त्यांची ऐरण आपली गावाकडची, चौकोनी ठोकळा, ओंडक्यात रुतवलेली. वाटणीच्या वेळी ती भंगारात गेली, घरात फक्त एक सांडशी उरली. दोन वर्षांपूर्वी मी परत भट्टी लावली, भाता नाही, ब्लोअर. हातोडे, छिन्न्या, दोन सांडश्या हे सगळं पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालं, रविवारी आणि बुधवारी सकाळी लवकर गेलं तर मिळतं. ऐरण मात्र नाही मिळाली. नवीन म्हणून जी स्वस्तातली दाखवतात ती बहुतेक बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते, ठोकली की ठप्प आवाज येतो आणि कडा तुटतात, ती घेऊ नका.

शेवटी बेळगावकडे एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधे सापडली. मी तिथे गेलोच नाही, सगळं व्हिडिओ कॉलवर. मालकाच्या मुलाला म्हटलं बाजूला खडू घास आणि टॉर्च तिरपा धर, तर हळूहळू अक्षरं उठली, गोलात ‘सॉलिड रॉट’ आणि शेजारी ‘पीटर राइट पेटंट’. म्हणजे इंग्लंडातल्या डडलीच्या पीटर राइट कंपनीची, अंग घडीव लोखंडाचं आणि वर पोलादी पट्टी तापवून घणाने जोडलेली. मग बेअरिंगची गोळी दहा इंचावरून टाकायला लावली, ती सात इंचाच्या वर उसळली, म्हणजे पोलाद चांगलं कडक. एकाच जागी टाकून भागत नाही, तोंडावर, म्हणजे वरच्या सपाट भागावर, चारपाच ठिकाणी टाका, कुठे मलूल पडली तर तिथे पट्टी सुटलेली असू शकते किंवा वेल्डिंग केलेलं असतं. १८ हजारात ठरलं, त्याने बिल दिलं, टेम्पोने ट्रान्सपोर्टला पोचवली. इथपर्यंत सगळं आठवड्यात झालं.

पुण्याच्या गोडाऊनला गेलो तर म्हणे माल देता येत नाही. का? बिल्टीवर १२८ किलो आणि काट्यावर ७९. म्हणे ४९ किलो माल शॉर्ट आहे, उद्या तुम्ही क्लेम टाकाल. मी म्हटलं दादा, एकच नग आहे, नग समोर आहे, तो निम्मा कसा कमी होईल? क्लेम करणार नाही असं लिहून देतो. नाही, बुकिंग ऑफिसचं दुरुस्तीचं लेटर आणा. बुकिंग ऑफिसला फोन लावला, दोन दिवस कुणी उचललाच नाही, तिसऱ्या दिवशी उचलला तर म्हणाले, मालावर वजन लिहिलंय तेच आम्ही लिहिलं.

मालावर वजन लिहिलंय! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऐरणीच्या कमरेवर कोरलेलं १ २ ८ त्यांनी सलग वाचलं होतं.

हे नीट समजून घ्या कारण विकणाराही यात चुकतो आणि तुम्हाला किलोने भाव सांगतो. जुन्या इंग्लिश ऐरणीवर तीन आकडे सुटे सुटे असतात. पहिला हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याचा पाव, २८ पौंड, म्हणून तो कधीच ३ च्या वर जात नाही. तिसरा सुटे पौंड. तर माझी ११२ अधिक ५६ अधिक ८, एकूण १७६ पौंड, म्हणजे ८० किलोला थोडी कमी. काटा बरोबर होता, बिल्टी चूक होती.

हे मी कागदावर मांडून नेलं. काउंटरवरचा म्हणाला मला हे कळत नाही. वर नवीनच काढलं, ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) कुठाय? अरे ५० हजाराच्या आतल्या मालाला कशाला लागतं, बिल १८ हजाराचं आहे, त्यावर अर्धा दिवस. आणि रोजचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चालूच. खंडेनवमी चार दिवसांवर आलेली आणि माझी ऐरण जाळीच्या पलीकडे दिसत होती, तोंडावर कुणीतरी रंगाचे डबे ठेवलेले. खरंच रडायला येत होतं.

सुटलं ते एका फोटोमुळे. माझ्या मोबाइलमधे दुसऱ्या एका ऐरणीचा फोटो होता, तिच्यावर १ ३ १०. मोठ्या साहेबांना दाखवलं, म्हटलं हे तुमच्यासारखं वाचा. ते म्हणाले एक हजार तीनशे दहा. म्हटलं आता पुढचा फोटो बघा, हीच ऐरण दोन माणसं हाताने उचलतायत. ते दोन मिनिटं बघत राहिले, मग स्वतः खाली येऊन खडूने आकडे घासून पाहिले आणि बिल्टीवर सही केली. त्या माणसाचे मी आभारच मानले, पण हे पहिल्या दिवशी होऊ शकलं असतं.

घरी आणल्यावर तोंड ग्राइंड करून चकचकीत करायचा मोह होतो, करू नका, पोलादी पट्टी पातळ होते आणि ती परत येत नाही. तारेचा ब्रश आणि तेल, बस. छिन्नीने तोडायचं काम शिंगाजवळच्या (पुढच्या निमुळत्या टोकाजवळच्या) खालच्या पायरीवर, ती मऊ असते. ओंडका बाभळीचा घेतला, उंची अशी की उभं राहून हात सोडला की मूठ तोंडाला टेकेल.

हो, हत्यारांचं राहिलंच. ऐरणीसोबत त्या मुलाने एक चपट्या चौकोनी तोंडाचा हातोडा दिला, दांडा डुगडुगणारा. मी पाचर ठोकणार होतो, तर शेजारच्या गल्लीतले लोहारकाका ओरडले, ‘अरे, तो मारायचा नाही, तापल्या लोखंडावर धरायचा, वरून घण मारायचा!’ दांडा मुद्दाम सैल ठेवतात, म्हणजे धरणाऱ्याच्या हाताला झिणझिण्या येत नाहीत.

खंडेनवमीला पूजा झाली, आजोबांची सांडशी ऐरणीवरच ठेवली होती. ट्रान्सपोर्टवाल्यांनी भाडं मात्र १२८ किलोचंच घेतलंय. ४९ किलोचा फरक मागायला सोमवारी परत जाणार आहे, सही केलेल्या बिल्टीची झेरॉक्स काढून ठेवलीय.