शून्य, पूर्ण, अर्धे: बेळगाव ते कोल्हापूर साध्या बसने

बेळगावहून कोल्हापूरला बसने जायचे तर तीन सरळ मार्ग आहेत. सीबीटीवरून, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटणारी वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची थेट गाडी धरावी, महाराष्ट्राची एसटी धरावी, किंवा महामार्गावर उभे राहून पुण्याकडे निघालेल्या एखाद्या खासगी ट्रॅव्हल्सला हात करावा. अंतर सुमारे 110 किलोमीटर, आणि थेट गाडीने गेल्यास अडीच-तीन तासांत माणूस कोल्हापुरात पोहोचतो. चौथा मार्ग इथल्या बायकांनी गेल्या काही वर्षांत शोधून काढला असून तो कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नाही. कर्नाटकाच्या हद्दीतल्या, सीमेजवळच्या निपाणीपर्यंत कर्नाटकाच्या गाडीने जायचे, तिथे उतरायचे आणि पुढे लाल एसटी येईपर्यंत फलाटावर बसून राहायचे. भाचीच्या साखरपुड्याला जाताना मी हाच मार्ग धरला. आमच्या यांना हा हिशेब कधी पटलेला नाही, त्यामुळे ते विनाथांबा गाडीने गेले आणि माझ्याआधी दीड तास पोहोचून साखरपुड्याच्या मांडवात पहिल्या चहाचे मानकरी झाले.

या उलाढालीचे कारण दोन्ही राज्यांच्या सवलतींत आहे. महाराष्ट्राने 17 मार्च 2023 पासून एसटीच्या सर्व गाड्यांत महिलांना निम्मे भाडे लागू केले, आणि त्यानंतर तीन महिने उलटायच्या आत, 11 जून 2023 रोजी, कर्नाटकाची ‘शक्ती’ योजना सुरू होऊन साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत महिलांचा प्रवास मोफत झाला. दोन्ही सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्याच आहेत. कर्नाटकाची सवलत मिळवायची तर कर्नाटकातला पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, महाराष्ट्रात मात्र पत्त्याची चौकशी होत नाही. त्यामुळे कर्नाटकाची थेट कोल्हापूरची गाडी धरणारी बाई दोन्ही बाजूंच्या फायद्याला मुकते, आणि निपाणीला गाडी बदलणारी बाई तासभर घालवून बऱ्यापैकी पैसे वाचवते. 2025 च्या जानेवारीत आधी कर्नाटकाने 15 टक्के आणि पाठोपाठ महाराष्ट्राने 14.95 टक्के भाडेवाढ केल्यापासून तर हा तासभर आणखीनच परवडू लागला आहे.

बेळगावचे मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्याला लागून आहे. गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि ध्वनिक्षेपकावरची घोषणाही कन्नडमध्येच होते, पण निपाणीची गाडी ओळखायला पाटी वाचावी लागत नाही; गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्याबरोबर पळणाऱ्या माणसांवरून ती ओळखता येते. खिडकीतून रुमाल, पिशवी, क्वचित एखादे लहान मूल आत सारून जागा धरण्याची रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. नियमाप्रमाणे शक्ती योजनेच्या गाड्यांत निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव असायला हव्यात. मी चढले त्या गाडीत पुरुष मंडळी दांड्याला धरून उभी होती आणि त्यांच्यातले एक आजोबा शेजारच्याला सांगत होते, “आता बसायचं म्हटलं तर लुगडं नेसून यायला पाहिजे बघा.” बाकड्यावरच्या बायकांनी ऐकले, हसल्या, पण जागेवरून कुणी हलले नाही. अखेर एका कॉलेजच्या मुलीने उठून त्यांना जागा दिली.

कर्नाटकाच्या गाडीत दोरीची घंटी नसते, कंडक्टरच्या तोंडात शिट्टी असते, आणि एसटीच्या टण-टणची सवय असलेल्या माणसाला ती पहिले काही थांबे दचकवते. आमचा कंडक्टर कन्नड आणि मराठी एकाच श्वासात बोलणारा होता. “आधार तोरस्री अक्का, आधार काढून ठेवा, हातात ठेवा,” असे म्हणत तो पुढून मागे सरकत होता आणि प्रत्येक बाईला यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून देत होता. “फुकट तर आहे, कागद कशाला?” असे म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक फेरीत असतेच. त्या कागदावरूनच महामंडळाला सरकारकडून भरपाई मिळते आणि मध्येच तपासनीस चढले तर बिनतिकिटाचा दंडही होऊ शकतो, हे तो न कंटाळता समजावत होता. सवलतीची खरी हमाली कंडक्टरवर पडली आहे, असे माझे मत झाले आहे. पूर्वी जो माणूस पैसे मोजत होता तो आता पैसे मोजतो, ओळखपत्रे वाचतो आणि गर्दी दुप्पट झालेल्या गाडीत हे सगळे पुढचा थांबा यायच्या आत उरकतो.

माझ्या पुढच्या बाकावर दोन सख्ख्या बहिणी होत्या. दोघी माहेरच्या जत्रेहून परतत होत्या. थोरली हुक्केरी तालुक्यात दिलेली, धाकटी कागल तालुक्यात. थोरलीने चोळीतून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली, तिच्यातून कडा झिजलेले आधार कार्ड काढले आणि शून्याचे तिकीट घेतले. धाकटीचे कार्ड नवे कोरे होते, पण त्यावर पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला. कंडक्टरने ते उलटसुलट पाहिले आणि निपाणीपर्यंतचे पूर्ण भाडे सांगितले.

“काय ओ, माहेर आमचं हितलंच की! जन्म हितं झाला, शाळा हितं झाली.”

“शाळेचा दाखला चालत नाही, मावशी. पत्ता लागतो.”

धाकटीने पैसे दिले. सुट्टे नव्हते, म्हणून कंडक्टरने उरलेले पैसे तिकिटाच्या मागे पेनाने लिहून दिले आणि पुढे सरकला. थोरली संकेश्वरला उतरणार होती. तोवर ती बहिणीला गमतीने “फुकटी मी, साहेबीण तू” असे चिडवत राहिली, आणि उतरताना मात्र तिने कंडक्टरला धाकटीच्या पैशांची आठवण दोनदा करून दिली. या भागात मुली देताना-घेताना राज्याची हद्द कुणी पाहिली नाही. खानापूर, चंदगड, निपाणी, कागल, गडहिंग्लज, हुक्केरी या तालुक्यांत सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या आडव्या-उभ्या झालेल्या आहेत. त्यामुळे एकाच घरातल्या दोन बायका एकाच बाकावर बसून वेगवेगळ्या दराने प्रवास करतात, हे दृश्य इथे आता रोजचे झाले आहे.

काकती, होनगा मागे टाकून गाडी सुतगट्टी घाट चढली, हत्तरगीचा टोलनाका ओलांडला. संकेश्वरला निम्मी गाडी उतरली आणि तितकीच चढली. मिरचीचे एक पोते इंजिनाशेजारी आले आणि पुढच्या चार रांगा स्तवनिधीच्या घाटापर्यंत शिंकत राहिल्या. पोत्याचे लगेज तिकीट काढायचे की नाही, यावर मालक आणि कंडक्टर यांच्यात झालेला कन्नड संवाद मला पूर्ण कळला, पण इथे लिहिण्यासारखा नव्हता. तिकीट निघाले.

निपाणीच्या स्थानकावर या चौथ्या मार्गाचा खरा कस लागतो. कोल्हापूर इथून जेमतेम चाळीस किलोमीटर उरते, आणि कोल्हापूरच्या पाटीच्या कर्नाटकाच्या गाड्या एकामागून एक येत असतात. बाया त्यांच्याकडे पाहतही नाहीत. नवखा प्रवासी गोंधळतो की गाडी रिकामी आहे, पाटी कोल्हापूरची आहे आणि वीस-पंचवीस बायका ढिम्म बसून आहेत. शेजारी बसलेल्या, विडी कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईंनी मला गणित सांगितले: “ही लाल येईल बघा, तिला हद्दीपर्यंत पूर्ण आणि पुढं अर्धं. ह्या गाडीला सगळंच पूर्ण.” गणित अचूक होते. एसटी आली तेव्हा कंडक्टरने सीमेपर्यंतचे पूर्ण आणि तिथून कोल्हापूरपर्यंतचे अर्धे अशी दोन तिकिटे हातात दिली. बेळगावपासून मोजले तर माझ्याकडे तीन तिकिटे झाली आणि तिन्हींचा दर निराळा.

कोगनोळीचा टोलनाका गेला की दूधगंगेच्या आसपास राज्य बदलते, आणि गाडीतल्या कुणाला त्याचे काही वाटत नाही. तसे वाटण्याचे प्रसंग याच नाक्यावर येऊन गेले आहेत. 2021 मध्ये आरटीपीसीआर अहवाल नसलेल्या प्रवाशांना इथूनच परत पाठवत होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली. पाणी ओसरते, रोगाची साथ सरते, पण तिसरे कारण फिरून फिरून येते. सीमावादावरून किंवा भाषेवरून कुठे ठिणगी पडली की दोन्ही महामंडळे काळजीपोटी आपापल्या गाड्या हद्दीवरच थांबवतात. 2025 च्या फेब्रुवारीत तसेच झाले. अशा दिवशी खासगी मोटार असणाऱ्याचे काही अडत नाही. अडते ते दवाखान्याला निघालेल्या, परीक्षेला निघालेल्या, बाजाराला निघालेल्या माणसाचे, ज्याच्याकडे साध्या गाडीच्या भाड्यापुरतेच पैसे असतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूरकर एसटी गाड्या ठरवून जातात, आणि त्या दिवसांत वातावरण तापलेले असले तर यात्रेकरूंचा जीव टांगणीला लागतो.

खासगी ट्रॅव्हल्सबद्दलही लिहिले पाहिजे, कारण स्वस्त प्रवास म्हटला की तरुण मंडळी आधी मोबाइलवर तेच शोधतात. बेळगाव ते पुणे या रात्रीच्या प्रवासाला झोपून जाता येते, ही सोय मी नाकारत नाही. आडदिवशी भाडे खरोखर कमी असते. पण गणपती आणि दिवाळीत तेच भाडे असे चढते की साधी एसटी पुन्हा आपली वाटू लागते. महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये खासगी गाड्यांचे भाडे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये असे ठरवून दिले आहे, पण सणाच्या आदल्या रात्री तो आदेश दाखवून कुणाचे भाडे कमी झालेले मी पाहिलेले नाही. एकदा एका ट्रॅव्हल्सने गाडी शहरात येईल असे तिकिटावर लिहून ऐन वेळी महामार्गाच्या पुलाखाली बोलावले. “दहा मिनिटांत पोचतोय, मॅडम,” हे वाक्य फोनवरचा मुलगा दीड तास म्हणत राहिला, आणि त्या काळोखात उभे राहण्यासाठी रिक्षाला मोजलेले पैसे वाचलेल्या भाड्यापेक्षा जास्त होते. लाल गाडी उशिरा येते, पण ती स्थानकावर येते. तिथे दिवा असतो, पाणी असते, आणि गाडी न आल्यास जाब विचारायला चौकशीची खिडकी असते. खिडकीमागचा माणूस वर न पाहता उत्तर देतो, ही गोष्ट वेगळी.

परतीच्या प्रवासात क्रम उलटा होतो: कोल्हापूरच्या स्थानकावरून लाल गाडीत बसून हद्दीपर्यंत अर्धे, तिथून निपाणीपर्यंत पूर्ण, आणि निपाणीहून बेळगावपर्यंत शून्य. यात एक मेख आहे. विनाथांबा गाड्या निपाणीच्या स्थानकात न शिरता महामार्गानेच पुढे जातात आणि फार तर बाहेर फाट्यावर सोडतात, तिथून सामान घेऊन आत चालत यावे लागते. म्हणून कोल्हापुरात चढतानाच कंडक्टरला “गाडी स्टँडात जाते काय?” असे विचारून घ्यावे, आधार कार्ड वर ठेवावे, आणि संध्याकाळी उशीर करू नये, कारण रात्री निपाणीहून बेळगावकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या लांब पल्ल्याच्या असतात आणि शून्याचे तिकीट कर्नाटकाच्या साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांतच चालते, स्लीपर आणि राजहंस या आरामगाड्यांत चालत नाही.